थंडरहेडचं डावं दार

गंज वरवरचा असतो, अशी लॉइड बेकस्ट्रॉमची समजूत होती. चोपन्न वर्षं त्याने ती बाळगली होती आणि तिला धक्का लागावा असं काही घडलं नव्हतं. कारण तो दातांच्या विम्याचे दावे तपासणाऱ्या कचेरीत कामाला होता आणि कवळ्यांना गंज चढत नाही. एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी १९७० सालची थंडरहेड मोटार ट्रकवरून त्याच्या गॅरेजसमोर उतरली. ट्रकवाला सही घेऊन जरा घाईनेच निघून गेला, आणि लॉइडने कौतुकाने गाडीच्या तळाला स्क्रूड्रायव्हरची हलकी टिचकी मारली. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. तो बाहेर ओढला तेव्हा ताटाएवढा पत्रा त्याच्यासोबत आला.

"वरवरचाच आहे," लॉइड म्हणाला.

"हो, इथून पलीकडचं गवतसुद्धा दिसतंय," त्याची बायको जॅनिस म्हणाली आणि आत गेली.

जॅनिसचे वडील घडीची खुर्ची टाकून आधीच येऊन बसले होते. त्यांचं नाव कॅझिमिर विल्चेक, पण हार्लन फोर्ज गावात त्यांना कॅझ याच नावाने ओळखत. वय चौऱ्याऐंशी. गावातला मोटारींचा कारखाना चालू होता तेव्हा तिथल्या सरकत्या पट्ट्याशी उभं राहून त्यांनी एकतीस वर्षं गाड्यांना दारं बसवली. डावी दारं. उजवी दारं बसवणारे लोक पट्ट्याच्या पलीकडे असत आणि त्या लोकांविषयी कॅझचं मत फारसं बरं नव्हतं. आता त्या इमारतीत सॅलडची पाकिटं भरतात. तिच्यावरून जाताना कॅझ मान दुसरीकडे वळवतात.

सत्तावीस वर्षांच्या संसारात लॉइडने हाताने केलेल्या एकाही कामाला सासऱ्याने चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. ते नुसतं 'हं' म्हणत, आणि लॉइड कचेरीत गेला की ते काम पहिल्यापासून पुन्हा करत. मागच्या अंगणाचं कुंपण असं दोनदा उभं राहिलं होतं. न्हाणीघरातल्या फरश्यांची गोष्ट तर घरात कुणी काढत नसे. लॉइडला त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द हवा होता आणि ही गाडी त्यासाठी होती. जॅनिसला त्याने दुसरीच कारणं सांगितली होती, छंद, व्यायाम, जुन्याची जपणूक वगैरे. तिने ती निमूट ऐकून घेतली, कारण खरं कारण तिला ठाऊक होतं.

"इथलीच आहे बरं का, पॉप," लॉइड म्हणाला. "हार्लन फोर्जला बनलेली. कदाचित हे दार तुम्हीच बसवलं असेल."

कॅझनी दाराकडे पाहिलं. दार त्या वेळी मागच्या सीटवर आडवं पडलेलं होतं.

"हं," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी नगर कचेरीची नोटीस आली. बंद पडलेलं वाहन घराच्या दर्शनी भागात बाहत्तर तासांपेक्षा जास्त काळ उभं दिसलं, सबब कारवाई का करू नये. लॉइडला नोटिशीचं वाईट वाटलं नाही. कागद म्हटला की त्याला घरच्यासारखं वाटतं. तो फाइल घेऊन कचेरीत गेला. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि या क्रमांकाची गाडीच नाही असं सांगितलं. कुणाच्या तरी हातून १९८८ साली चुकीच्या रकान्यात खूण झाली होती आणि तेव्हापासून सरकारदरबारी थंडरहेड हा एक ट्रेलर होता.

यात लॉइडला आशेचा किरण दिसला. बंद पडलेल्या वाहनाचा नियम ट्रेलरला लागू नाही, कारण ट्रेलर मुळात चालतच नाही, हे त्याने बाईंच्या निदर्शनास आणून दिलं. बाईंनी नोटीस रद्द केली. मग ट्रेलरला इंजिन असता कामा नये, हे त्यांनी त्याच्या निदर्शनास आणून दिलं. लॉइडने घरी येऊन शेजारच्या डेल ऑस्टरहूटच्या मदतीने इंजिन काढलं आणि गॅरेजमध्ये साखळीला टांगलं. ते तसंही काढायचंच होतं. दुसऱ्या दिवशी निरीक्षक आला आणि ट्रेलर घरापुढे उभा करता येत नाही, मागे न्या, असं लिहून देऊन गेला. मागे न्यायचा तर कुंपण पाडावं लागणार होतं, म्हणजे कॅझनी दुसऱ्यांदा उभं केलेलं कुंपण. कुंपण पाडायला परवाना लागतो.

तेव्हा नोंदच दुरुस्त करून घ्यावी असं ठरलं. त्यासाठी शेरीफच्या माणसाने गाडी प्रत्यक्ष पाहून ती गाडी असल्याचा दाखला द्यायचा असतो. तो सज्जन माणूस आला तेव्हा इंजिन साखळीला होतं, दारं जेवणघरात होती आणि चाकं डेलकडे. त्याने दोन फेऱ्या मारल्या, वाकून खाली पाहिलं आणि दाखल्यावर 'ट्रेलर असावा' असं लिहिलं. एकोणतीस वर्षं लॉइडने लोकांचे फॉर्म एकेका रिकाम्या चौकटीसाठी परत पाठवले होते. आता तो फॉर्मच्या पलीकडच्या बाजूला उभा होता, आणि त्याला प्रामाणिकपणे कबूल करावं लागलं की सगळे आपापलं काम चोख करत होते. अखेर गॅरेजमधलं सगळं सामान बाहेर आलं, गाडी आत गेली आणि सामानाबद्दल वेगळी नोटीस आली.

डेल ऑस्टरहूटविषयी सांगायला हवं. त्याच्याकडे १९७१ची थंडरहेड होती, ती त्याने अकरा वर्षं खपून उभी केली होती आणि ऑगस्टमध्ये गावात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो त्यात गेली तीन वर्षं पहिला कप तोच घेत होता. त्यामुळे तो सल्ला द्यायला मोकळा होता. काढलेला प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर नाव लिही, हा त्याचा पहिला सल्ला. लॉइडला तो मनापासून पटला. मेअखेर जेवणघरात सहाशे चौदा पिशव्या होत्या आणि घरातली माणसं स्वयंपाकघरात उभ्याने जेवत होती. एका रविवारी जॅनिसने मटार ठेवायला एक रिकामी पिशवी घेतली. ती रिकामी नव्हती, तिच्यात एक वॉशर होता. तो वॉशर पुढे सूपमध्ये कॅझना सापडला. त्यांनी तो रुमालाला पुसून पाहिला आणि हा हवापेटीचा, असं सांगून लॉइडच्या ताटाशेजारी ठेवला.

दुसरा सल्ला काकवीचा. गंजलेले भाग पाणी घातलेल्या काकवीत महिनाभर बुडवून ठेवले की गंज आपोआप सुटतो आणि लोखंड चांदीसारखं निघतं, असं डेल म्हणाला. हे खरं आहे. फक्त जूनच्या उन्हात काकवीचं पिंप आंबतं आणि त्याचा वास चार घरं ओलांडून जातो, हे सांगायचं तो विसरला. आधी गांधीलमाश्या आल्या. मग रॅकूनचं एक कुटुंब आलं. ते पिंपात उतरलं, खाऊनपिऊन तृप्त झालं आणि जाताना लॉइडने आदल्या दिवशी अस्तर मारलेल्या बॉनेटवरून रांगेने चालत गेलं. सकाळी त्या पावलांकडे बघत डेलने तिसरा सल्ला दिला की पिंपाला झाकण हवं.

तरी काम पुढे सरकत होतं, हे मान्य करायला हवं. लॉइड आठवड्यातून दोन दिवस तंत्रशाळेत जाऊन वेल्डिंग शिकला. तिथे त्याची डावी भुवई गेली, ती निम्मी परत आली. त्याने गाडीचा तळ नवा केला, आणि तो तळ स्क्रूड्रायव्हरच काय हातोड्यालाही दाद देत नव्हता. जूनमध्ये त्याने दारं हाती घेतली.

दार बसवणं म्हणजे चार बोल्ट आवळणं, असं ज्याला वाटतं त्याने कधी दार बसवलेलं नसतं. बिजागरी केसभर वर घेतली की मागची कड खाली जाते, कड उचलली की खालची फट रुंदावते. लॉइडने फट मोजायला स्वतःची व्हिजिटिंग कार्डं वापरली. 'लॉइड बेकस्ट्रॉम, वरिष्ठ दावे तपासनीस' अशी अकरा कार्डं एकावर एक ठेवली की जेवढी जाडी होते तेवढी फट, दाराच्या चारी बाजूंना, सारखी. डाव्या दाराला त्याला तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत कॅझची खुर्ची रोज थोडी पुढे येत गेली. पहिल्या दिवशी ती गॅरेजच्या उंबऱ्यावर होती आणि शेवटच्या दिवशी तिचा पाय लॉइडच्या पायावर होता.

शेवटच्या दिवशी कॅझ उठले. त्यांनी दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, डोळे मिटून लावलं आणि आवाज ऐकला. मग फटीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. लॉइड पाना हातात धरून उभा होता. कॅझनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात डेल आत येऊन म्हणाला की लॉइड, तुझ्या घरापुढच्या सामानात एक जुनं टॉयलेट पडलंय ते फेकायचं असेल तर माझ्या मेहुण्याला हवंय. कॅझनी तोंड मिटलं आणि ते चहा घ्यायला आत गेले. लॉइडने त्या वर्षी डेलला नाताळचं कार्ड पाठवलं नाही.

मेळ्यात एक वर्ग असतो, 'कारखान्यातून निघाली तशी' नावाचा; डेल कप घेत असे तो हाच, आणि लॉइडने त्यातच नाव दिलं होतं. त्यात भाग घेणाऱ्यांना परीक्षकांकडून आधी एकदा गाडी तपासून घेता येते. एका बुधवारी दुपारी, कॅझ पत्ते खेळायला पोलिश क्लबात गेलेले असताना, प्रूइटबाई आल्या. या शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, पण लांब काठीला लावलेला आरसा होता, आणि दोनशे बारा पानांचं नियमांचं पुस्तक होतं. त्या गाडीखाली आडव्या झाल्या त्या चाळीस मिनिटांनी बाहेर आल्या.

"मिस्टर बेकस्ट्रॉम," त्या खेदाने म्हणाल्या, "गाडी फार चांगली झाली आहे."

लॉइडने आभार मानले.

"तेच सांगतेय. कारखान्यात इतकी चांगली करत नसत."

मग त्यांनी यादी वाचून दाखवली. डिकीच्या झाकणाखाली रंगाचे ओघळ हवेत, ते नाहीत. तळाचा वेल्ड फार एकसारखा आहे. तपासणाऱ्याने घाईघाईत मारलेली पिवळ्या खडूची खूण इंजिनामागच्या पत्र्यावर हवी. आणि डावं दार. हार्लन फोर्जच्या १९७० सालच्या गाड्यांचं डावं दार मागच्या कडेला पाव इंचाला थोडं कमी एवढं उतरलेलं असतं. पान एकशे अठ्ठेचाळीस. निघाल्या दिवशी होत्या तशाच जपलेल्या अकरा गाड्यांचे फोटो, पट्टी लावून काढलेले. दाराचे चौदा गुण असतात, आणि लॉइडचं दार सरळ होतं.

ओघळ पाडणं सोपं निघालं. खडूची खूण जड गेली, कारण लॉइडला घाईत काही लिहिता येत नव्हतं. त्याने चोवीस वेळा प्रयत्न केला आणि चोवीसही वेळा ती सुवाच्य आली. शेवटी जॅनिसने एका हातात भाजीची पिशवी आणि कानाशी फोन अशा अवस्थेत ती मारली, ती अस्सल निघाली. राहता राहिलं दार. पुढच्या बुधवारी कॅझ क्लबात गेल्यावर लॉइडने बोल्ट सैल करून त्याची मागची कड खाली उतरवली. तीन आठवड्यांचं काम मोडायला पाच मिनिटं लागली, आणि आपण काही बरं केलेलं नाही हे त्याला पाना खाली ठेवतानाच कळलं.

कॅझनी रस्त्यावरूनच पाहिलं.

"दार उतरलंय."

"उतरवलंय, पॉप. नियम आहे तसा. मूळचं तसंच होतं."

"कुठलं मूळ?"

लॉइडने नियमांच्या पुस्तकाची स्वतःची प्रत उघडून पान एकशे अठ्ठेचाळीस पुढे धरलं. कॅझनी चष्मा लावून अकराच्या अकरा फोटो पाहिले. त्याला बराच वेळ लागला.

"ही माझी दारं, असं म्हणतोयस तू."

"मी नाही म्हणत. पुस्तक म्हणतंय."

"माझी दारं सरळ होती, विमेवाल्या," कॅझ म्हणाले. त्यांनी खुर्चीची घडी केली, ती काखेत मारली आणि घरात गेले. त्यानंतर तीन आठवडे ते गॅरेजकडे फिरकले नाहीत. जेवताना मीठ हवं असलं तरी ते जॅनिसकडून मागवून घेत, आणि मीठ लॉइडच्या पुढ्यात असे.

आपलं गणित लॉइडने एकदा जॅनिसला समजावून सांगितलं. कप मिळाला की तो जेवणाच्या टेबलावर ठेवायचा, मग पॉपना काहीतरी बोलावंच लागेल. कपापुढे नुसतं 'हं' म्हणता येत नाही.

जॅनिस पिशव्या मोजत होती. "म्हणजे त्यांचं दार वाकडं होतं, असं सगळ्या गावादेखत सिद्ध करून तू कप घेणार," ती म्हणाली, "आणि मग तो त्यांनाच दाखवणार."

लॉइडने गुण पुन्हा एकदा मोजले.

जुलैमध्ये थंडरहेड कागदोपत्री गाडी झाली आणि ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी स्वतःच्या चाकांवर नदीकाठच्या मैदानात गेली. तिचा आवाज असा होता की वाटेत दोन कुत्री भुंकायची थांबली. कॅझ जॅनिसच्या गाडीतून आले, कारण यायचं की नाही हे जॅनिसने त्यांना विचारलंच नव्हतं. एवढ्या उन्हात त्यांनी कामगार संघटनेचं जाडजूड जाकीट घातलं होतं. खुर्ची त्यांनी थंडरहेडशेजारीच टाकली, पण दाराकडे पाठ करून. मेळ्याला कारखान्यातली बरीच जुनी मंडळी येतात. ती येत, कॅझशी हात मिळवत, गाडीभोवती फिरत आणि डाव्या दारापाशी आली की नजर दुसरीकडे वळवून पुढे जात.

तीनच्या सुमाराला प्रूइटबाई लॉइडच्या गाडीशी आल्या. डेलच्या गाडीला नऊशे एकसष्ट गुण मिळाले होते आणि ही बातमी स्वतः डेलनेच आणली होती. तो बेरीज ऐकायला तिथेच उभा राहिला. ओघळ पास झाले. खडूच्या खुणेपाशी बाई थबकल्या आणि इतकी खरी खूण आपण दहा वर्षांत पाहिली नाही असं म्हणाल्या. दारापर्यंत लॉइडचे नऊशे चोपन्न झाले. आता दाराचे चौदा. ही बेरीज सगळ्यांनाच येत होती, आणि डेलच्या चेहऱ्यावरून त्याची तर ती करूनही झालेली दिसत होती.

बाईंनी दाराच्या कडेला पट्टी लावली, पुस्तकात पाहिलं, पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "अगदी कारखान्यातल्यासारखं उतरलेलं आहे."

कॅझ खुर्चीतून उठले. "कुठल्या कारखान्यातल्यासारखं, बाई?"

"हार्लन फोर्जच्या."

"तिथे डावी दारं मी बसवायचो. ती अशी नव्हती."

प्रूइटबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी पुस्तक मिटलं आणि मोठ्या सौजन्याने सांगितलं, "मिस्टर विल्चेक, तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण आठवण हा पुरावा धरला जात नाही. पान नऊ."

आजूबाजूचे लोक एकदम गाड्यांकडे पाहू लागले. कॅझ जाकिटाची चेन वर ओढत होते आणि ती वर जात नव्हती. लॉइडने ते पाहिलं आणि त्याला शरम वाटली. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. 'रुग्णाचे कथन हा पुरावा धरता येत नाही,' असं त्याने स्वतः एकोणतीस वर्षं लिहिलं होतं, आठवड्यातून चाळीस वेळा तरी, आणि ते वाचताना समोरचा माणूस कसा दिसत असेल हे पाहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस सगळ्या गावासमोर उभा होता आणि त्याला तिथे उभं करायची कामगिरी जावयाने स्वतःच्या हाताने पार पाडली होती.

"बाई, दाराचे गुण लिहू नका अजून," लॉइड म्हणाला. "ते बसवायचं राहिलंय."

"ते बसलेलं आहे, मिस्टर बेकस्ट्रॉम. तुमचे चौदा होतात."

"सरळ बसवायचं राहिलंय."

प्रूइटबाईंनी घड्याळ पाहिलं आणि गुणपत्रकं द्यायला दहा मिनिटं आहेत असं सांगितलं. लॉइडकडे पाना नव्हता. डेलकडे होता, आणि तो त्याने मागायच्या आधीच पुढे केला. शिवाय गाडी उचलायचा जॅक आणला, त्यावर ठेवायला फडकं आणलं आणि अजून काही हवं का असं विचारलं. इतक्या तत्परतेने डेलने आयुष्यात कुणाला काही उसनं दिलं नव्हतं.

लॉइडने बोल्ट सैल केले. दाराखाली जॅक लावला आणि मागची कड केसाकेसाने वर घेतली. फट बघितली, खिशातून कार्डं काढली, वरच्या बाजूला अकरा बसली, खाली नऊच. बिजागरी पुन्हा सैल केली. घाम डोळ्यांत जात होता आणि भुवई निम्मीच असल्यामुळे एका डोळ्यात जास्त जात होता. पन्नाससाठ माणसं गोल करून उभी होती आणि आश्चर्य म्हणजे एकानेही सल्ला दिला नाही. कॅझ जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी हात लावला नाही, आणि लॉइडला त्याचं बरं वाटलं. आठव्या मिनिटाला त्याने शेवटचा बोल्ट आवळला, जॅक काढला आणि कार्डं फिरवली. वर अकरा, मागे अकरा, खाली अकरा. दार लावल्यावर एकच आवाज आला, छोटा आणि पुरता.

प्रूइटबाईंनी पट्टी लावली.

"शून्य," त्या म्हणाल्या. "आणि हा दोष जाणूनबुजून केलेला आहे, असं मला शेऱ्यात लिहावं लागेल."

"लिहा," लॉइड म्हणाला.

कप डेलला मिळाला. त्याने नऊ मिनिटं भाषण केलं, त्यात शेजारधर्मावर बराच भर होता. लॉइडला पाचवा क्रमांक म्हणून आरसे पुसायचं फडकं मिळालं. कारखान्यातली जुनी मंडळी पुन्हा एकदा गाडीपाशी येऊन गेली. या वेळी त्यांनी दार उघडून लावून पाहिलं आणि कॅझच्या पाठीवर थाप मारली.

निघताना जॅनिस म्हणाली की मला बाजारात जायचंय, पॉपना तू घेऊन जा. तिला बाजारात जायचं नव्हतं. कॅझ थंडरहेडमध्ये बसले, तेही मोजूनमापून, जणू सीटची खात्री नव्हती. मैदान मागे पडलं, पूल गेला. मग कारखान्याची इमारत आली. या खेपेला कॅझनी मान वळवली नाही.

"सगळी वाकडीच होती," ते म्हणाले.

लॉइडला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय, पॉप?"

"दारं. त्या बाईचं पुस्तक बरोबर आहे. मिनिटाला एक गाडी पुढे यायची. दार टांगायचं, खाली लाकडाचा ठोकळा लावायचा, गुडघा मारायचा, की पुढचं. मुकादम म्हणायचा, लागतं ना, मग जाऊ दे. लागायचं."

लॉइडने लाल सिग्नलला गाडी थांबवली. तो हिरवा झाला आणि मागून कुणीतरी हॉर्न वाजवला तेव्हा त्याने ती पुढे घेतली. चौदा गुण, पहिला कप आणि तीन आठवड्यांचं मीठ, हे सगळं त्याच्या डोक्यातून एका ओळीत गेलं.

"मग तिथे सगळ्यांसमोर सरळ होती म्हणालात ते?"

"मी एकतीस वर्षं तिथे उभा होतो. ती मला पान नऊ सांगत होती," कॅझ म्हणाले. "आणि तूही मला पुस्तकच दाखवलंस." त्यांनी काच खाली केली. मग समोर बघतच, गाडीच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं बोलले, "असं दार मला एकदाही बसवता आलं नाही. एकदाही."

लॉइडने मान हलवली. घराकडचं वळण आलं आणि मागे गेलं. कॅझना ते दिसलं होतं; त्यांनी उघड्या खिडकीत कोपर टेकवलं आणि सीटला आरामात पाठ टेकली.